पेटी कुठाय?

मागच्या पावसाळ्यात मी आमच्या पक्षाचा प्रदेशाध्यक्ष निवडायला गेलो होतो. पक्षाचं नाव सांगत नाही. ज्यानं त्यानं आपापल्या पक्षाचं नाव घालून वाचावं, मजकुरात काही फरक पडणार नाही.

तालुक्यातून दोन टेम्पो निघाले. पहाटे चारला. बाया, पोरं, म्हातारे, फडक्यात बांधलेल्या भाकरी. साडेनऊला हॉलवर पोचलो. निवडणूक अकराची. दारावर बॅनर टांगलेला : 'नवनिर्वाचित प्रदेशाध्यक्षांचा जाहीर सत्कार'. फोटोसकट. म्हणजे आम्ही निवडायच्या आधीच माणूस निवडून आला होता आणि छापूनही झाला होता.

अकराचा एक वाजला. साहेब आले. फटाके झाले. एकानं नाव सुचवलं, दुसऱ्यानं अनुमोदन दिलं, तिसरा माईकवर ओरडला, 'एकमतानं मंजूर! वाजवा टाळ्या!' टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. खोटं कशाला बोलू? हातांना सवय लागलीय.

आमच्या टेम्पोत एक मावशी होती. नगरपालिकेत झाडू मारून रिटायर झालेली. सभासद फीची दहा रुपयांची पावती तिनं पदराच्या गाठीत बांधून आणली होती. तिनं गाठ सोडली, पावती हातात धरली आणि उभी राहिली. म्हणाली, "साहेब, पेटी कुठाय? मत कुठं टाकू?"

हॉल हसला. स्टेजवरनं एक जण म्हणाला, "मावशी, झालं मतदान. बसा खाली. जेवण हाय."

मीही हसलो. हा लेख त्या हसण्याची भरपाई आहे. कारण आपल्या सगळ्या चळवळीत गेल्या कित्येक वर्षांत इतका सरळ प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि आम्ही तिला जेवणावर बसवली.

दोस्तांनो, आपल्याकडं दर निवडणुकीच्या आधी ऐक्याची साथ येते. चौकात पोस्टर लागतात. पोरं उपोषणाला बसतात. म्हातारे रडतात. 'सगळ्या गटांनी एक व्हा' म्हणून पुढाऱ्यांच्या पाया पडायचं तेवढं बाकी राहतं. मग पुढारी हातात हात घालून फोटो काढतात आणि वर्षा-दोन वर्षांत पुन्हा आपापला बोर्ड घेऊन चालते होतात. आपण म्हणतो, सालं पुढाऱ्यांच्या अहंकारानं वाटोळं केलं.

माझं म्हणणं वेगळं आहे. अहंकार कुठल्या पक्षात नाही? ज्याला अहंकार नाही तो पुढारी होतच नाही, तो घरी बसून पेपर वाचतो. फूट अहंकारानं पडत नाही. फूट मोजणी नसल्यामुळं पडते.

नीट बघ. दोन माणसं भांडतात. दोघंही म्हणतात, समाज माझ्या मागं आहे. आता हे ठरवायचं कसं? सभासदांची यादी नाही. असली तर साहेबांच्या कपाटात आहे. पेटी नाही. मग पुरावा कशाचा? गर्दीचा. तो म्हणतो, माझ्या सभेला मैदान भरलं. हा म्हणतो, माझ्या सभेला रस्ता बंद पडला. टेम्पो जास्त कुणाचे, त्यावर नेता कोण हे ठरतं. आणि गर्दीत कुणीच हरत नाही. मोजलंच नाही तर हरला कोण? जो हरलाच नाही तो दुसऱ्याच्या हाताखाली कशाला राहील? तो नवा गट काढतो. पक्षाचं नाव तेच ठेवतो, कंसात आपलं आडनाव घालतो.

पेटी असती तर तिनं तोंडावर सांगितलं असतं : तुला चारशे बारा, त्याला पाचशे तीस. बस खाली. दोन वर्षांनी परत उभा राहा.

आपला इतिहास काढून बघ. ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपूरला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. एन. शिवराज अध्यक्ष झाले. बाबासाहेबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. १९५९ येईपर्यंत दोन तुकडे : एक 'दुरुस्त', दुसरा 'नादुरुस्त'. बी. सी. कांबळे एकीकडं, दादासाहेब गायकवाड दुसरीकडं. भांडण फालतू नव्हतं. भूमिहीनांना घेऊन रस्त्यावर उतरायचं की घटनेच्या चौकटीतच लढायचं, पक्ष सुटाबुटातल्या शिकलेल्यांनी चालवायचा की धोतर नेसणाऱ्यांनी, हे खरे प्रश्न होते. असे प्रश्न पडतील तेव्हाच सभासद लागतात. सभासदांनी मत द्यावं आणि एक बाजू ठरावी, यासाठीच तर पक्ष असतो. पण प्रश्न पेटीत गेला नाही. तो पक्षाच्या अंगावरनं गेला आणि पक्ष मधोमध चिरला.

तरी लोक मागं हटले नाहीत. ६ डिसेंबर १९६४ ला दादासाहेबांनी भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू केला. लाखो माणसं जेलात गेली. बाया कडेवर लेकरं घेऊन गेल्या. सरकारनं जेलच्या रजिस्टरात नावं लिहून घेतली, बापाच्या नावासकट, गावासकट. जेलात घालताना आपली मोजणी होते. त्यातल्या किती जणांना पुढं कुणी येऊन विचारलं, की बाबा, पक्षाचा अध्यक्ष तुला कोण पाहिजे?

पँथरचं घे. १९७२ ला निघाली. गावोगाव छावण्या उभ्या राहिल्या. कुणी न सांगता पोरांनी बोर्ड रंगवले, मार खाल्ला, केसेस घेतल्या. १९७४ ला ढसाळ आणि ढाले वेगळे झाले. १९७७ ला राजा ढाले आणि ज. वि. पवार यांनी पँथर बरखास्त केली. ती बरखास्ती बरोबर की चूक, यावर अजून पानंच्या पानं लिहिली जातात. मी एकच विचारतो : कुठल्या छावणीत पेटी फिरली होती? मराठवाड्यातल्या पँथर पोराला आपली संघटना राहिली नाही हे पेपरात वाचून कळावं? ज्यांच्या अंगावर वळ होते त्यांना मत नव्हतं.

आणि १९९८? लोकांच्या रेट्यानं गट एकत्र आले, काँग्रेसशी समझोता झाला, आणि महाराष्ट्रातनं चार खासदार निवडून गेले. अकोल्यातनं प्रकाश आंबेडकर, अमरावतीतनं रा. सू. गवई, चिमूरमधनं जोगेंद्र कवाडे, मुंबईतनं रामदास आठवले. चारही जागा खुल्या. राखीव एकही नाही. आपल्या वस्त्यांत त्या रात्री लोक झोपले नव्हते. १९९९ च्या निवडणुकीला वाटा पुन्हा वेगळ्या. त्या ऐक्याला सभासदांची सही नव्हती, फक्त पुढाऱ्यांची होती. चार जणांच्या सहीनं झालेलं ऐक्य मोडायला एकाची सही पुरते.

म्हणून मी ऐक्याच्या पोस्टरला आता हात लावत नाही. ऐक्य मागणं म्हणजे पुढाऱ्याकडं भीक मागणं. यादी मागा. पेटी मागा.

तुम्ही म्हणाल, हे सगळ्याच पक्षांत आहे, आपल्यालाच का बोल लावतो? आहे ना. या देशात पक्षाची नोंदणी करायला १९८९ पासून कायद्यात कलम आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, २९ अ. पण पक्षानं आत निवडणूक घेतली नाही म्हणून त्याला कुलूप लावायची सोय त्यात नाही. पक्षाची नोंदणी रद्द करायचा तसा अधिकार आयोगाला नाही, हे सुप्रीम कोर्टानं २००२ ला सांगून टाकलं. म्हणजे देशात लोकशाही, पक्षात वतनदारी. चालू द्या.

पण त्याचं फळ काय मिळतं ते महाराष्ट्रानं नुकतंच बघितलं. १७ फेब्रुवारी २०२३. निवडणूक आयोगानं शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिला. आयोग म्हणाला, पक्षाची घटना लोकशाहीची नाही, पदाधिकारी न निवडता नेमलेले आहेत, तेव्हा संघटनेत कुणाचं बहुमत हे त्यावरनं ठरवता येत नाही. मग ठरवलं कशावरनं? आमदार-खासदारांवरनं. पंचावन्नपैकी चाळीस आमदार तिकडं, म्हणून पक्ष तिकडं. ६ फेब्रुवारी २०२४ ला राष्ट्रवादीचंही तसंच झालं. ते निकाल बरोबर की चूक हे कोर्ट बघेल. तो माझा विषय नाही. माझा विषय शाखेत सतरंजी उचलणारा. त्याचं मत कुठंच लिहिलेलं नव्हतं, म्हणून तो मोजलाच गेला नाही. चाळीस माणसं म्हणजे पक्ष ठरला आणि लाखो माणसं म्हणजे प्रेक्षक.

याच्या उलट बघायचं तर इंग्लंडातल्या मजूर पक्षाकडं बघ. २०१६ साली तिथल्या खासदारांनी आपल्याच नेत्यावर, जेरेमी कॉर्बिनवर, अविश्वास दाखवला. १७२ विरुद्ध ४०. आपल्याकडं त्याच रात्री पक्ष फुटला असता आणि चिन्हाची मारामारी सुरू झाली असती. तिथं प्रश्न सभासदांपुढं गेला. सभासदांनी त्याच माणसाला जवळपास बासष्ट टक्के मतांनी परत निवडलं. खासदार चरफडले, पण तेव्हा पक्षाचं नाव घेऊन पळाले नाहीत. नेता चांगला की वाईट ते सोड. मालक कोण, हे ठरलेलं होतं.

आता आपली नेहमीची उत्तरं ऐक. मी ती हॉलच्या पायऱ्यांवर जेवताना ऐकली आहेत.

पहिलं उत्तर : 'नेता निवडायचा नसतो, तो असतोच.' घराण्यातनं येतो, नाहीतर मोठ्या साहेबांनी हात धरून पुढं आणलेला असतो. ठीक आहे. कांशीरामांनी २००१ ला लखनौच्या सभेत मायावतींना वारस जाहीर केलं. त्या कर्तबगार निघाल्या, चार वेळा मुख्यमंत्री झाल्या. पण पुढं? त्यांनी डिसेंबर २०२३ मध्ये भाच्याला वारस नेमलं. मे २०२४ ला काढलं. जूनमध्ये परत घेतलं. मार्च २०२५ मध्ये पक्षातनं हाकललं. एप्रिलमध्ये माफ केलं. नेमला तेव्हा सभासदांनी मत दिलं नाही, काढला तेव्हाही नाही. उत्तर प्रदेशातला जो चांभार, जो पासी निळा झेंडा घेऊन वीस-वीस मैल चालला, त्यानं हे सगळं टीव्हीवर बघितलं. आणि मला सांग, जन्मानं पद मिळतं याला आपण काय म्हणतो? आपण त्याला जात म्हणतो. ती बाहेर जाळायची आणि पक्षात पुजायची?

दुसरं उत्तर : 'आपला समाज अजून अडाणी आहे, मतदानानं भांडणं लागतील.' हे वाक्य मी आधी गावच्या पाटलाच्या तोंडून ऐकलं होतं. आता आपल्या साहेबांच्या तोंडून ऐकतो. अरे, आमच्या वस्तीतली जयंती कमिटी बघ. अध्यक्ष दर वर्षी नवा. हिशोब विहाराच्या फळ्यावर खडूनं लिहिलेला : मंडप इतके, बँजो इतके, बुंदी इतकी. पन्नास रुपयांचा घोळ झाला तर बाई कमरेला पदर खोचून उभी राहते. जो अध्यक्षपदाला हरतो तोच दुसऱ्या दिवशी जेवणाच्या पंगतीत वाढायला असतो. बायांचा बचत गट बघ. प्रोसिडिंग लिहितात, सह्या घेतात, अध्यक्षीण बदलतात. अंगठेवाली बाई बँकेच्या मॅनेजरला हिशोब समजावते. ती अडाणी, आणि छापलेला अध्यक्ष मुकाट पत्करणारे आम्ही शहाणे?

तिसरं उत्तर : 'पैसेवाला थोक भावानं सभासद करील आणि पक्ष विकत घेईल.' हे मात्र खरं आहे. यावर हसायचं नाही. इंग्लंडातही २०१५ ला तीन पौंड भरून कुणालाही मत देता येत होतं, त्यावर बोंब झाली. पुढच्या वर्षी त्यांनी पैसे वाढवले आणि सहा महिने जुना सभासदच मत देईल अशी तारीख घातली. त्यावरही भांडण झालं, कोर्टकचेरी झाली. पण उपाय पेटी फोडणं हा नव्हता, नियम घालणं हा होता. घरात उंदीर झाले म्हणून कुणी घर जाळत नाही.

आणि नुसती पेटी ठेवून भागत नाही, हेही मी जाणतो. १९३९ ला काँग्रेसमध्ये सुभाषबाबू १५८० मतं घेऊन निवडून आले. पट्टाभींना १३७७. गांधीजी पट्टाभींच्या मागं होते. तीन महिन्यांत सुभाषबाबूंना राजीनामा द्यावा लागला. पेटी जिंकली आणि महात्मा हरला नाही. त्याच काँग्रेसमध्ये बावीस वर्षांनी २०२२ ला अध्यक्षपदाची निवडणूक झाली. खर्गेंना ७८९७, थरूरांना १०७२. वारं कुठल्या बाजूचं होतं ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मतदारांची यादी जाहीर करा म्हणून त्यांच्याच खासदारांना ओरडावं लागलं. हे सगळं मान्य. पण माझ्या मनाला एक गोष्ट टोचते ती सांगतो. जिला आपण आयुष्यभर जळतं घर म्हटलं, तिथं दलित माणूस पेटीतनं मतं मोजून अध्यक्ष झाला. आणि बाबासाहेबांचं नाव घेणाऱ्या पक्षात मावशीला विचारतात, जेवलीस का?

बाबासाहेबांचं नाव निघालंच आहे तर सांगतो. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत त्यांनी बजावलं की धर्मात भक्तीनं मुक्ती मिळत असेल, राजकारणात भक्तीनं अधोगती होते आणि शेवटी हुकूमशहा येतो. आपण ते भाषण फ्रेम करून लावलं आणि फ्रेमला हार घातला. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे अध्यक्ष बाबासाहेब नव्हते, शिवराज होते, हे किती पोरांना ठाऊक आहे? त्यांच्याएवढा माणूस खुर्चीवाचून पक्ष उभा करू शकत होता. आजच्याला लेटरहेडवाचून दोन दिवस काढता येत नाहीत.

त्याच भाषणात ते म्हणाले होते की मतदान, ठराव, गणसंख्या हे भिक्खू संघाला ठाऊक होतं. संघात वाद पडला की शलाका वाटत, म्हणजे लाकडाच्या काड्या. ज्यानं त्यानं आपली काडी उचलायची. गुप्त मतदानाचीही रीत होती. आणि देवदत्तानं बुद्धाला म्हटलं, आपण थकलात, संघ माझ्या हवाली करा, तेव्हा बुद्ध म्हणाले, मी तो सारिपुत्त-मोग्गलानाच्याही हवाली करणार नाही. शेवटच्या वेळीसुद्धा त्यांनी वारस नेमला नाही. धम्म हाच शास्ता, म्हणाले. आपण दर बुद्धपौर्णिमेला खीर वाटतो आणि दर अधिवेशनात देवदत्त निवडतो. निवडतो कसला, टाळ्या वाजवतो.

मग करायचं काय? आमच्या शाखेनं केलं ते सांगतो.

यंदा जयंतीच्या आधी आम्ही सभासदांची यादी विहाराच्या भिंतीवर महिनाभर चिकटवली. १४३ नावं. ज्याला हरकत घ्यायची त्यानं घ्यावी. एकोणीस पावत्या एकाच अक्षरातल्या निघाल्या, एका ठेकेदारानं भरलेल्या. त्या सगळ्यांच्या घरी जाऊन विचारलं. अकरा जणांना आपण सभासद आहोत हेच माहीत नव्हतं. ती नावं काढली. राहिली १३२. गोडेतेलाचा पंधरा किलोचा डबा धुऊन त्याला फट पाडली. रिटायर मास्तर आणि मावशी, दोघं डब्याजवळ बसले. शाखाध्यक्षाला उभे दोघं. एक मी. दुसरी सरकारी दवाखान्यात नर्स असलेली सव्वीस वर्षांची पोरगी. मतं पडली ११८. तिला ६४, मला ५२, दोन बाद.

मी हरलो. बारा मतांनी. सोळा वर्षं पोस्टर चिकटवून, दोन केसेस अंगावर घेऊन हरलो. रात्री झोप आली नाही. वेगळा बोर्ड लावायचं मनात आलं का? आलं. लपवत नाही. पण आकडा फळ्यावर लिहिलेला होता. त्या आकड्याला काय सांगणार होतो? सकाळी उठून मंडपाच्या खुर्च्या उतरवायला गेलो. ती आधीच आलेली होती. म्हणाली, "दादा, वर्गणीचं पुस्तक तुम्हीच सांभाळा." सांभाळतोय.

आठ दिवसांनी वरनं नोटीस आली. तिला आणि मला, दोघांना. पदाधिकारी नेमण्याचा अधिकार फक्त प्रदेशाध्यक्षांचा, शाखेनं परवानगीवाचून निवडणूक घेतली हा शिस्तभंग, सात दिवसांत खुलासा करा. खाली सही, शिक्का.

हा माझा खुलासा. आणि या आमच्या मागण्या. सभासदांची यादी दर शाखेत भिंतीवर लागली पाहिजे. सहा महिने जुन्या सभासदाला मत. मत गुप्त. मोजणी सगळ्यांदेखत आणि आकडा जाहीर. अध्यक्षाला दोनच मुदती. हरलेल्याला कार्यकारिणीत जागा, म्हणजे त्याला बोर्ड घेऊन पळायला नको. आणि निवडलेला नालायक निघाला तर मुदतीआधी त्याला खाली खेचायचा नियम. दुसऱ्या पक्षाशी समझोता असो की गटांचं ऐक्य, सभासदांच्या मताशिवाय नाही.

पोरांनो, तुमच्या पक्षाचं अधिवेशन कधी ना कधी येईलच. टेम्पो येईल, जेवण असेल, बॅनर आधीच छापलेलं असेल. माईकवरचा माणूस टाळ्या मागेल. तेव्हा हात खिशात घाला, दहा रुपयांची पावती काढा आणि उभे राहून विचारा : पेटी कुठाय?

हॉल हसेल. हसू द्या. मीही हसलो होतो.

जयभीम.